विसरण्याच्या तक्रारीसाठी मेंदूचा एमआरआय सांगितलाय? आधी हे वाचा

वयस्कर माणसाची विसरण्याची तक्रार घेऊन डॉक्टरांकडे गेलात की लवकरच मेंदूच्या एमआरआयची चिठ्ठी हातात पडते. मग सगळं घर त्या एका तपासणीकडे डोळे लावून बसतं. ‘एकदा रिपोर्ट येऊ दे, मग कळेलच.’ रिपोर्ट येतो आणि त्यात लिहिलेलं असतं, ‘वयोमानानुसार मेंदूचं आकुंचन, बाकी विशेष काही नाही.’ घरातला एक जण म्हणतो, बघा, मी सांगतच होतो, काही झालेलं नाही. दुसरा ‘आकुंचन’ हा शब्द धरून रात्रभर मोबाइलवर वाचत बसतो.

दोघांनीही स्कॅनकडून भलतंच मागितलेलं असतं. स्मृतिभ्रंश आहे की नाही हे मुळात माणसाच्या रोजच्या वागण्यात काय बदललं यावरून ठरतं. स्कॅन दोन कामं करतो. बरा होण्यासारखा किंवा तातडीचा दुसरा आजार मागे लपलेला नाही ना, हे तपासतो. आणि मेंदूचा कोणता भाग जास्त झिजलाय, कुठे रक्तपुरवठा बिघडलाय, हे दाखवतो. त्यावरून डॉक्टरांनी मनाशी धरलेला अंदाज पक्का होतो किंवा बदलतो. पण तो अंदाज बांधायला लागणारी माहिती मशीनजवळ नसते, ती घरच्यांजवळ असते. म्हणून पहिली पायरी घरातच आहे.

पायरी १: एक पान लिहून काढा

‘हल्ली फार विसरतात’ या वाक्यातून डॉक्टरांच्या हाती काहीच लागत नाही. ‘मागच्या वर्षापर्यंत सगळी बिलं स्वतः भरायचे, आता बिल भरलं का, हे एका तासात चारदा विचारतात, आणि आधी विचारलं होतं हेच आठवत नाही’ असं लिहा. नाव पटकन न आठवणं आणि थोड्या वेळाने आठवणं वयानुसार चालतं. अख्खा प्रसंगच पुसला जाणं वेगळं.

पानावर या गोष्टी हव्यातच: कधी सुरू झालं, हळूहळू की अचानक, आणि सर्वांत आधी काय बिघडलं. शेवटचा मुद्दा सोन्यासारखा आहे. मेंदूचे आजार बहुधा एका ठरावीक भागातून सुरू होतात, त्यामुळे पहिलं लक्षण कळलं की स्कॅनमध्ये आधी कुठे बघायचं हे कळतं. नुकतं घडलेलं विसरण्यापासून सुरुवात झाली असेल तर नजर टेम्पोरल लोबच्या, म्हणजे कानाजवळच्या भागाच्या, आतल्या बाजूला असलेल्या हिप्पोकॅम्पसवर जाते; अल्झायमरमध्ये हा भाग लवकर झिजतो. आठवण ठीक आहे पण माणूसच बदलला, लोकांत नको ते बोलायला लागला, कोणाच्या दुःखाचं काही वाटेनासं झालं, तर फ्रंटल लोब, म्हणजे कपाळामागचा भाग, आणि टेम्पोरल लोबचं पुढचं टोक. चष्म्याचा नंबर दोनदा बदलूनही समोरची वस्तू सापडत नाही, घड्याळ वाचता येत नाही, ओळीवरून ओळ चुकते, तर मेंदूचा मागचा भाग. अशी माणसं कित्येक महिने डोळ्यांच्या दवाखान्यांतच फिरत राहतात.

आणखी काही प्रश्न घरच्यांना विसरण्याशी जोडावेसेच वाटत नाहीत, म्हणून मुद्दाम विचारतो. चालणं बदललंय का? पाय जमिनीला चिकटल्यासारखे घासत चालतात का? लघवीवरचा ताबा सुटतोय का? चालणं, लघवी आणि स्मृती या तिन्ही गोष्टी एकत्र बिघडल्या तर मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठण्याचा एक प्रकार असू शकतो. त्याला नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस म्हणतात आणि योग्य रुग्णात शंट, म्हणजे पाणी वाहून नेणारी नळी, बसवून तो सुधारतो. झोपेत हातवारे, लाथा, ओरडणं, जणू स्वप्नातली मारामारी प्रत्यक्ष चालू आहे? घरात नसलेली माणसं किंवा प्राणी दिसतात? मग लेवी बॉडी डिमेन्शिया या स्मृतिभ्रंशाच्या प्रकाराचा विचार करावा लागतो. गेल्या दोन-तीन महिन्यांत कुठे पडलेत का, डोकं आपटलं का? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर किरकोळ वाटलेला मारही कवटीखाली हळूहळू रक्त साठवू शकतो, आणि कित्येक आठवड्यांनी माणूस गोंधळल्यासारखा वागायला लागतो. हे रक्त काढता येतं. स्कॅन करण्याचं एकच कारण सांगा म्हटलं तर मी हेच सांगेन.

पानाच्या शेवटी चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, झोपेच्या गोळीसकट.

पायरी २: स्कॅनच्या आधीच्या स्वस्त तपासण्या

प्रश्नोत्तरांची छोटी चाचणी होते. एमएमएसई ही १९७५ पासून वापरात आहे, मोका ही २००५ मध्ये आली. दोन्ही ३० गुणांच्या. मोकामध्ये २६ च्या खाली आल्यास पुढे तपासावं असा मूळ ठोकताळा आहे, पण शाळा कमी झालेल्या माणसाला तो जाचक ठरतो आणि उच्चशिक्षित माणूस मेंदू झिजलेला असतानाही २८ गुण मिळवून जातो. म्हणून आकड्याशेजारी शिक्षण किती, ऐकू नीट येतं का आणि चाचणी कोणत्या भाषेत घेतली हे लिहिलेलं असलं पाहिजे.

रक्तात बी-१२, थायरॉइड, सोडियम, साखर, मूत्रपिंड आणि यकृताचं काम बघतात. झोपेच्या काही गोळ्या, ॲलर्जीची जुनी औषधं, लघवी रोखण्याची काही औषधं वयस्कर माणसाचं डोकं जड करतात. नैराश्य तर हुबेहूब विस्मरणासारखं दिसतं. यातलं काही सापडलं तरी स्कॅन टळतोच असं नाही, पण त्याचा अर्थ लावणं सोपं होतं.

पायरी ३: सीटी की एमआरआय

सीटी काही मिनिटांत होतो. साठलेलं रक्त, मोठी गाठ, फुगलेल्या पोकळ्या, मोठा जुना झटका (पक्षाघाताचा) एवढं तो पकडतो. पेसमेकर असलेल्या, अजिबात स्थिर न राहणाऱ्या किंवा तातडीच्या रुग्णासाठी तोच बरा. क्ष-किरण लागतात, पण या वयात डोक्याच्या एका सीटीच्या किरणांची चिंता करत बसण्यात अर्थ नाही.

बाकी बहुतेकांसाठी एमआरआय. यात क्ष-किरण नसतात आणि मेंदूचे भाग वेगवेगळे नीट दिसतात. मशीनच्या चुंबकाची ताकद १.५ टेस्ला आहे की ३ टेस्ला यापेक्षा कोणते सीक्वेन्स, म्हणजे चित्र घेण्याच्या कोणत्या पद्धती, वापरल्या जाणार हे महत्त्वाचं, कारण एमआरआय म्हणजे एकच फोटो नसतो. टी-१ वर आकार आणि झीज दिसते, फ्लेअरवर पांढरे डाग, डिफ्यूजनवर ताजा झटका, एसडब्ल्यूआयवर रक्ताचे बारीक ठिपके. काही आठवड्यांत झपाट्याने बिघडलेल्या रुग्णात डिफ्यूजनला फारच किंमत असते. क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा दुर्मिळ आजार तिथेच उठून दिसतो.

चिठ्ठीवर फक्त ‘एमआरआय ब्रेन’ लिहिलेलं असेल तर सेंटरवर फोन करून विचारा: डिमेन्शिया प्रोटोकॉल करता का? त्यात टी-१ चे बारीक काप आणि हिप्पोकॅम्पसच्या लांबीला काटकोनात घेतलेले कोरोनल, म्हणजे कानापासून कानापर्यंतचे उभे काप असतात का? हे काप नसतील तर विस्मरणाच्या रुग्णातली सर्वांत उपयोगी जागा नीट दिसतच नाही. आणि चिठ्ठीवर पहिल्या पायरीतल्या पानाचा दोन ओळींत सारांश डॉक्टरांकडून लिहून घ्या. ‘मेमरी लॉस’ वाचून बघणारा रेडिओलॉजिस्ट आणि ‘दोन वर्षांपासून शब्द सापडत नाहीत, उजव्या हाताचा वापर करणारे, वय ६८’ वाचून बघणारा रेडिओलॉजिस्ट एकच असला तरी रिपोर्ट दोन वेगळे येतात.

डाय, म्हणजे कॉन्ट्रास्ट, विस्मरणाच्या तपासणीत सहसा लागत नाही. गाठ, संसर्ग किंवा सूज यांची शंका असेल तरच. कोणी सरसकट सांगितलं तर का, ते विचारा.

पायरी ४: तपासणीचा दिवस

धातू ही इथली पहिली काळजी. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतल्या रक्तवाहिनीवरची क्लिप, लोहारकाम किंवा वेल्डिंग करताना डोळ्यात गेलेला कण हे सगळं आधी सांगायचं. बरेच नवे पेसमेकर ठरावीक अटींवर एमआरआयला चालतात, पण त्यासाठी त्याचं कार्ड आणि मॉडेल लागतं. ‘चालतो असं कोणीतरी म्हणालं होतं’ यावर कोणी आत सोडणार नाही. श्रवणयंत्र आणि कवळी बाहेर ठेवावी लागते. त्यामुळे आत जाण्यापूर्वीच, श्रवणयंत्र कानात असताना, काय होणार आहे ते सावकाश समजावा.

समजवायचं ते असं: तुम्हाला एका अरुंद नळीत झोपवतील, डोक्याभोवती एक पिंजरा येईल, कानाला बोळे किंवा हेडफोन लावतील. मग ठकठक, घरघर, मध्येच ड्रिलसारखा आवाज. थांबला की संपलं असं वाटेल, पण परत सुरू होईल. अर्धा-पाऊण तास लागू शकतो. हातात एक फुगा देतात, तो दाबला की बाहेर कळतं. डोळे आत जाण्याआधीच मिटायचे, नळी बघायचीच नाही. बऱ्याच जणांची भीती एवढ्यानेच निम्मी होते. सोबतच्या माणसाला धातूची तपासणी करून आत पाय धरून उभं राहू देतात का, तेही विचारा.

हलल्यामुळे काप धूसर येतात, आणि धूसर कापावर हिप्पोकॅम्पस खरा आहे त्यापेक्षा बारीक भासू शकतो. तरीही हलतात म्हणून लगेच गुंगीचं इंजेक्शन घेण्याची घाई नको. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसात गुंगीनंतर गोंधळ वाढू शकतो आणि तो कधी कधी काही दिवस टिकतो. आधी महत्त्वाचे सीक्वेन्स घेऊन लवकर संपवता येईल का, सीटीवर भागेल का, हे विचारून बघा. तपासणी माणसाच्या दिवसातल्या शांत वेळी ठेवा. संध्याकाळी बावरणाऱ्या माणसाला संध्याकाळची वेळ घेऊ नका.

जुना कोणताही स्कॅन असेल, अगदी पाच वर्षांपूर्वी पडल्यावर केलेला सीटी असेल, तरी त्याची सीडी घेऊन जा. मेंदू आज किती बारीक आहे यापेक्षा पाच वर्षांत किती बारीक झाला हे कितीतरी जास्त सांगून जातं. निरोगी म्हाताऱ्या मेंदूत हिप्पोकॅम्पस वर्षाला साधारण दीड टक्का घटतो, अल्झायमरमध्ये साधारण चार ते पाच टक्के.

पायरी ५: रिपोर्ट वाचणं

खरी गोची इथे होते, म्हणून जरा थांबू.

‘वयोमानानुसार आकुंचन’ हे वाक्य निरर्थक नाही, पण अपुरं आहे. चांगल्या रिपोर्टमध्ये झीज कुठे, किती आणि दोन्ही बाजूंना सारखी का, हे असतं. त्यासाठी काही श्रेणी ठरलेल्या आहेत. एमटीए ही १९९२ पासून चालत आलेली श्रेणी हिप्पोकॅम्पसभोवतीची झीज ० ते ४ मध्ये मोजते. कोरोनल काप समोर धरला की मेंदूच्या तळाशी दोन्ही बाजूंना हिप्पोकॅम्पसचा छोटा करडा ठिपका दिसतो आणि त्याच्या शेजारी एक काळी फट. फट दिसतच नसेल तर ०. फट जराशी रुंद झाली की १. शेजारची पोकळीही फुगली की २. हिप्पोकॅम्पसची उंची स्पष्ट कमी झाली की ३, आणि ४ मध्ये तो कोपऱ्यात दबलेल्या चिंधीसारखा उरलेला असतो. पंचाहत्तरीच्या आत २ म्हणजे जास्त. पंचाहत्तरीनंतर २ चालून जातं, ३ पासून काळजी. तोच आकडा, वय बदललं की अर्थ बदलला.

दुसरी श्रेणी फझेकास, १९८७ ची, ० ते ३. फ्लेअरवर दिसणाऱ्या पांढऱ्या डागांची. ‘स्मॉल व्हेसल डिसीज’ किंवा ‘इस्किमिक चेंजेस’ हे शब्द वाचून लोक ‘झटका येऊन गेला’ असं समजतात. उच्च रक्तदाब, मधुमेह आणि वय यांनी बारीक रक्तवाहिन्या कडक झाल्या की हे डाग पडतात. थोडे विखुरलेले ठिपके साठीनंतर बहुतेकांत असतात. डाग एकमेकांना मिळून मोठे पट्टे झाले, म्हणजे फझेकास ३, तर विचार करण्याची गती मंदावणं, चाल बिघडणं याचा त्यांच्याशी संबंध लावता येतो. त्याउलट थॅलॅमससारख्या मोक्याच्या जागी झालेला एखादाच छोटा झटका स्मृतीची वाट लावू शकतो. आकारापेक्षा जागा बघा.

एसडब्ल्यूआयवरचे काळे बारीक ठिपके म्हणजे मायक्रोब्लीड्स. मेंदूच्या आत खोलवर असतील तर बहुधा रक्तदाब. फक्त कडेच्या भागांत असतील तर रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अमायलॉइड नावाचं चिकट प्रथिन साठल्याची शंका. हे किती आहेत ते मोजून लिहिलेलं असावं. सातव्या पायरीत याची गरज लागते.

पोकळ्या फुगल्यात असं लिहिलं असेल तर विचारायचा प्रश्न एकच: मेंदू आकसला म्हणून जागा मोठी झाली, की पाणी साठलं म्हणून? इव्हान्स इंडेक्स, म्हणजे पोकळ्यांची रुंदी भागिले कवटीची रुंदी, ०.३ च्या वर गेला म्हणजे पोकळ्या मोठ्या, एवढंच कळतं. पाणी साठण्याच्या बाजूने डोक्याच्या वरच्या भागातल्या दाटलेल्या घड्या, पोकळ्यांच्या छताचा अरुंद कोन आणि अर्थात ती चाल बोलते. पुष्कळदा तो निर्णय पाठीतून थोडं पाणी काढून, चाल सुधारते का हे पाहून घेतात.

आणि रिपोर्ट अगदी नॉर्मल आला तर? सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये एमआरआय नॉर्मल असू शकतो. लेवी बॉडीमध्ये हिप्पोकॅम्पस बऱ्यापैकी शाबूत राहतो. नॉर्मल रिपोर्टने गाठ, साठलेलं रक्त, मोठा झटका यांचं नाव खोडलं, हे मोठं काम झालं. आजार नाही हे मात्र त्याने सिद्ध केलं नाही.

एका अनपेक्षित पाहुण्याचीही तयारी ठेवा. ज्याच्यासाठी स्कॅन केला नव्हता तेच सापडतं. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम अभ्यासात काही त्रास नसलेल्या २००० जणांचे एमआरआय पाहिले, ते २००७ मध्ये छापून आलं. ७.२ टक्क्यांत न कळलेला जुना झटका, १.८ टक्क्यांत रक्तवाहिनीचा फुगा, १.६ टक्क्यांत साधी गाठ सापडली. यातल्या बहुतेक गोष्टींवर फक्त लक्ष ठेवावं लागतं. अशी छोटी गाठ दिसली की विस्मरणाचं सगळं खापर तिच्यावर फोडण्याचा मोह होतो. ते सहसा खरं नसतं.

पायरी ६: पेट स्कॅन कधी

पेट, म्हणजे किंचित किरणोत्सारी द्रव्य टोचून घेतलेला स्कॅन, सगळ्यांना नाही. एमआरआय आणि तपासणी होऊनही निदान अडलं असेल, वय कमी असेल किंवा उत्तराने उपचार बदलणार असतील, तरच.

एफडीजी पेट मेंदू साखर कुठे कमी वापरतोय ते दाखवतो. अल्झायमरमध्ये मागचा आणि बाजूचा भाग थंडावलेला दिसतो, माणूस बदलवणाऱ्या फ्रंटोटेम्पोरल प्रकारात पुढचा. साधारण चार ते सहा तास उपाशी राहावं लागतं आणि मधुमेह असेल तर साखर आधी आटोक्यात हवी, नाहीतर चित्रच फिकं येतं. इंजेक्शननंतर मंद उजेडात, न बोलता पडून राहायचं. सोबतच्या माणसाने तेव्हा गप्पा मारून करमणूक करू नये. ऐकण्या-बोलण्याचे भाग उगाच उजळतात.

अमायलॉइड पेट अल्झायमरमध्ये मेंदूत साठणाऱ्या त्या चिकट प्रथिनाचाच माग काढतो. औषधांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने यासाठीचं फ्लोरबेटापिर हे इंजेक्शन २०१२ मध्ये मान्य केलं, टाऊ या दुसऱ्या प्रथिनासाठीचं फ्लोरटाऊसिपिर २०२० मध्ये. निगेटिव्ह आला तर विस्मरणाचं कारण अल्झायमर असण्याची शक्यता खूप कमी होते, आणि हाच त्याचा मोठा उपयोग. पॉझिटिव्हचं तसं नाही. स्मरणशक्ती ठणठणीत असलेल्यांतही पन्नाशीत सुमारे १० टक्के आणि नव्वदीत ४० टक्क्यांहून जास्त लोकांच्या मेंदूत अमायलॉइड सापडतं. ते लक्षणांच्या १५-२० वर्षं आधीपासून साठत असतं. म्हणून काही तक्रार नसताना ‘एकदा बघून घेऊ’ म्हणून हा स्कॅन करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उत्तर आलं तरी त्याचं काय करायचं हे कोणी सांगू शकणार नाही, आणि रात्रीची झोप मात्र जाईल.

आता रक्तातलं पी-टाऊ २१७, म्हणजे टाऊचाच एक प्रकार, मोजणाऱ्या चाचण्या आल्यात. २०२५ मध्ये एफडीएने अशी पहिली चाचणी मान्य केली. पुढे पुष्कळ जणांचा पेट स्कॅन यामुळे टळेल. एमआरआय मात्र टळणार नाही, कारण साठलेलं रक्त किंवा गाठ ही चाचणी दाखवत नाही.

पायरी ७: पुन्हा स्कॅन करायचा का

दर वर्षी नेमाने करण्यात काही हशील नाही. लक्षणं अपेक्षेपेक्षा वेगाने बदलली, नवीन काही दिसलं, पडणं झालं, तर करा. शक्यतो त्याच मशीनवर, त्याच सीक्वेन्सने. सॉफ्टवेअर हिप्पोकॅम्पसचं आकारमान दशांशात काढून रंगीत आलेख देतं. मशीन बदललं, डोकं हललं, तर ते दशांश डगमगतात. आलेख देखणा आहे म्हणून त्यावर डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास ठेवू नका.

लेकानेमॅब (एफडीएची पूर्ण मान्यता जुलै २०२३) किंवा डोनानेमॅब (जुलै २०२४) या अल्झायमरवरच्या औषधांचा विचार चालला असेल तर गोष्ट वेगळी. ही औषधं अमायलॉइड काढतात, पण त्यात मेंदूला सूज किंवा बारीक रक्तस्राव होऊ शकतो, त्याला एरिया म्हणतात. म्हणून औषधाआधी ताजा एमआरआय, त्यातल्या मायक्रोब्लीड्सची मोजणी, आणि सुरुवातीच्या महिन्यांत ठरावीक डोसांआधी पुन्हा पुन्हा एमआरआय. आधीच चारपेक्षा जास्त मायक्रोब्लीड्स असतील तर लेकानेमॅब सहसा देत नाहीत. या रुग्णांनी प्रत्येक स्कॅनची सीडी सांभाळून ठेवायचीच, आणि अचानक डोकेदुखी, गोंधळ किंवा नजरेत फरक पडला तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. दवाखान्यात पोचल्यावर पहिल्याच वाक्यात ‘हे औषध चालू आहे’ असं सांगायचं, कारण झटका समजून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं गेलं तर रक्तस्राव जिवावर बेतू शकतो.

औषध चालू नसलं तरी काही वेळा या पायऱ्या बाजूला ठेवून थेट तातडीच्या विभागात जावं: कालपर्यंत बरा असलेला माणूस आज एकदम बरळायला लागला, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, बोलणं जड झालं, डोकं आपटल्यानंतर झापड वाढत चालली, किंवा सोबत ताप आहे. तिथे सीटी त्याच दिवशी होतो. आणि बरळणाऱ्या म्हाताऱ्या माणसात सीटीइतकीच लघवीची, छातीची आणि सोडियमची तपासणीही त्याच तासात व्हायला हवी. ती मागून घ्या.